कळप, कुरण आणि सत्ता
(निर्मळ येथील अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कार्तिक वद्य एकादशीला निर्मळची जत्रा भरते आणि सुकेळीची दुकाने लागतात. साधारण याच दिवसांत देशावरचे धनगर मेंढरांचे कळप हाकीत घाट उतरू लागतात. जत्रेच्या पाहुण्याला कोणी नाव-गाव विचारीत नाही. धनगराला मात्र प्रत्येक गावाच्या शिवेवर आपली ओळख पटवून द्यावी लागते.

वस्तुतः त्याची भटकंती दिशाहीन नसते. दख्खनी मेंढीला कोकणचा पाऊस सोसत नाही, तिचे खूर कुजतात. म्हणून पावसाळा देशावर काढायचा आणि भातकापणीनंतर कोकणात यायचे. रिकाम्या खाचरांत मेंढरे बसवली की लेंडीखत जमिनीला मिळते आणि शेतकरी त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो. घोड्यावर बिऱ्हाड लादणे, वाडा उभारणे, कोकरे जगवणे ही कामे स्त्रिया करतात. शेतकरी व पशुपालक यांच्यातील सहकाराची ही जुनी व्यवस्था कोणत्याही सरकारी खात्याने निर्माण केलेली नाही. शासनदरबारी तिची नोंद एवढीच की धनगर ‘भटक्या जमाती (क)’ या गटात असून त्यांना साडेतीन टक्के आरक्षण आहे.

अशा समाजाचे नियोजन वरून केले तर काय होते, हे रशियाच्या उत्तरेकडील कोला द्वीपकल्पात दिसले. तेथे सामी लोक पूर्वापार रेनडिअर पाळीत. 1880 च्या दशकात इझ्मा नदीच्या खोऱ्यातील कोमी पशुपालक मोठे कळप घेऊन तेथे आले. दोन्ही समाजांत चराईवरून ताण होते, तसे शेजारही होते. 1930 च्या सुमारास सामुदायिकीकरण झाले, कळप सामूहिक व पुढे सरकारी शेतांच्या मालकीचे झाले. मग छोटी गावे ‘भवितव्यहीन’ ठरवून बंद करण्यात आली. वोरोन्ये हे सामी गाव 1960 च्या दशकात जलविद्युत प्रकल्पाच्या जलाशयाखाली गेले आणि तेथील लोकांना लोवोझेरो येथे हलवण्यात आले. मुले वसतिगृहाच्या शाळांत गेली; शिक्षण मिळाले, पण आईबापांची भाषा आणि कळपाचे ज्ञान मागे पडले.

समाजवादी कार्यकर्त्याने या इतिहासाकडे पाठ फिरवू नये. मालकी खाजगी राहिली नाही, म्हणजे ती श्रमणाऱ्याची झाली असे नव्हे. निर्णय कचेरीत होत असतील तर मालक बदलतो, मजूर तोच राहतो. आणि हा केवळ साम्यवादी राजवटीचा दोष आहे असे समजून समाधान मानण्याचेही कारण नाही. लोकशाही नॉर्वेत फोसेन येथे सामींच्या चराईभूमीवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांचे परवाने सामींच्या सांस्कृतिक हक्कांचा भंग करतात, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये दिला, तेव्हा पवनचक्क्या फिरतच होत्या.

महाराष्ट्रात 2017 मध्ये महामेष योजना आली. वीस मेंढ्या व एक नर, पंचाहत्तर टक्के अनुदानावर. मेंढी मिळाली, ती चारायची कोठे? गायराने आकसली, रानात वनखात्याचा अडसर. 2006 च्या वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क मान्य केला आहे. पण अनुसूचित जमातीबाहेरच्या दावेदाराला पंचाहत्तर वर्षांच्या, म्हणजे तीन पिढ्यांच्या, वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो आणि दाव्याची सुरुवात ग्रामसभेत होते. ज्याच्या वाटेवर अनेक ग्रामसभा आहेत आणि जो त्यांपैकी एकीचाही सदस्य नाही, त्याने कोणाचे दार ठोठवावे?

आदिवासींचे रान अपुरे आहे, मोकाट चराईने रोपे तुडवली जातात, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच हक्क एकाचा काढून दुसऱ्याला देण्याचा नाही. किती कळप, किती दिवस, कोणत्या वाटेने, हे ग्रामसभा आणि धनगर यांनी समोरासमोर बसून ठरवण्याचा आहे. ‘एका जागी स्थिर व्हा’ हा उपदेश सोपा आहे. मुलांना शाळा मिळालीच पाहिजे, पण कळप मोडणे ही तिची फी असू नये.

वसई-विरार महानगरपालिका 2009 मध्ये स्थापन झाली, तेव्हा आम्हांला त्यातून वगळा म्हणून या पट्ट्यातील गावे रस्त्यावर उतरली. गावाचे भवितव्य कोणी ठरवायचे, हाच त्यांचा प्रश्न होता. वोरोन्येच्या सामींना तो विचारण्याची संधी मिळाली नाही. वाड्यावरच्या धनगराला तो विचारायला अजून व्यासपीठ नाही.

कार्यकर्त्यांचे काम येथून सुरू होते. वनहक्काच्या 2012 च्या सुधारित नियमांप्रमाणे भटक्या पशुपालकांना ग्रामसभांपुढे दावे दाखल करण्यास साहाय्य करणे ही जिल्हास्तरीय समितीची जबाबदारी आहे. वाड्यांवर जावे, वाटांची नोंद करावी, म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घ्यावेत आणि समितीला त्या जबाबदारीची आठवण द्यावी. कळप जूनपूर्वी घाट चढतील. हे काम त्याआधी व्हायला हवे.