लेकुरवाळीचे छायाचित्र

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



केनियाहून परत आल्यापासून जिच्या घरी जावे तिथे एकच प्रश्न असतो, "चित्त्याचे फोटो मिळाले का हो?" मिळाले. त्यांतले काही आज मागच्या भिंतीवर लावले आहेत, चहाच्या वेळी अवश्य पाहा. पण ते कसे मिळाले, आणि काही फोटो का घेतले नाहीत, हे भिंतीवर दिसणार नाही. तेवढेच सांगण्यासाठी मी उभी आहे.

आधी ओळख करून देते, कारण आपल्याकडे पुष्कळजण बिबट्यालाच चित्ता म्हणतात. बिबट्याच्या अंगावर फुलांसारखी पोकळ वेटोळी असतात. चित्त्याचे ठिपके सुटे आणि भरीव, शाईत बोट बुडवून उमटवावेत तसे. डोळ्याच्या कोपऱ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ उतरते, जणू काजळच ओघळले आहे. हा प्राणी डरकाळी फोडत नाही. आई पिल्लांना हाक मारते ती पाखराच्या चिवचिवीसारखी. धावतो ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास, पण काही सेकंदच. मग इतका धापा टाकतो की मारलेले सावज समोर असून काही वेळ खाताही येत नाही. तेवढ्यात तरस किंवा सिंह आला, तर ते सोडून निमूट निघून जातो.

आता यांच्या आईचा संसार पाहा. तीन महिन्यांचे गर्भारपण आणि बहुधा तीन ते पाच पिल्ले. बाप पुन्हा फिरकत नाही. बाई एकटी! पिल्ले उंच गवतात लपवायची, शिकारीला जायचे, परत येऊन पाजायचे. वास लागू नये म्हणून दर काही दिवसांनी बिऱ्हाड हलवायचे, तेही एकेका पिल्लाला मानेला धरून. दीड-दोन महिन्यांनी पिल्ले तिच्यामागून चालू लागतात. तेव्हा त्यांच्या पाठीवर राखाडी रंगाची लांब लव असते. दीड वर्षाची होईपर्यंत ती आईजवळ राहतात आणि शिकारीचे धडे घेतात.

पण तितकी वाढतात किती? टांझानियातील सेरेन्गेटीच्या मैदानावरील एक अभ्यास 1994 साली प्रसिद्ध झाला. त्यात शंभर पिल्लांतून जेमतेम पाच मोठी झालेली आढळली. बहुतेकांचा घास सिंहांनी घेतला. सगळीकडे प्रमाण इतके वाईट नाही, परंतु जिथे सिंह पुष्कळ तिथे या आईची परीक्षा असते.

सिंह आणि तरस बरेचसे रात्री हिंडतात, म्हणून ही बिचारी दिवसा शिकार करते. आणि दिवसा कोण हिंडते? आपण, कॅमेरे घेऊन!

केनियातील मसाई मारा हे अभयारण्य सेरेन्गेटीला लागूनच आहे. तिथल्या चित्त्यांच्या मातांची पाहणी होऊन 2018 साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जिथे प्रवाशांची वर्दळ कमी, तिथे एका वेतातली सरासरी दोनाहून थोडी अधिक पिल्ले मोठी होऊन स्वतंत्र झाली. जिथे वर्दळ फार, तिथे पाच वेतांमागे एक! गाडीखाली सापडून पिल्ले मेल्याचा पुरावा मिळाला नाही. नुकसान आडवाटेने होत असावे, असे अभ्यासकांचे म्हणणे. म्हणजे आई बावरते, शिकार हुकते, पोटाला कमी पडते. आपल्या घरी बाळंतिणीच्या खोलीत दिवसभर माणसे डोकावत राहिली, तर तिची काय गत होईल? इथे तर त्या बाळंतिणीला स्वतःच्या अन्नासाठी धावायचेही आहे.

मी 2023 च्या ऑगस्टमध्ये माऱ्यात होते. एका सकाळी वारुळाच्या उंचवट्यावर एक आई बसलेली दिसली, आणि खाली तिची तीन पिल्ले. आमचे चालक मसाई जमातीचे, पोक्त गृहस्थ. त्यांनी दुरूनच गाडीचे यंत्र बंद केले. यंत्र चालू असले की गाडी थरथरते आणि फोटोही हलतो. खिडकीवर मी कापडी पिशवी ठेवली. आपल्या शिवणवर्गातल्या यंत्रावर शिवून नेली होती, तिथे गेल्यावर तांदूळ भरले. या पिशवीवर जड भिंग विसावले की हात कापत नाही. खेळणाऱ्या पिल्लांना सेकंदाचा पाचशेवा भाग पुरतो, धावत्या चित्त्याला दोन हजारावा लागतो. नेम नेहमी डोळ्यावर धरावा; डोळा स्पष्ट आला की चित्र जिवंत होते. आणि काम सकाळीच उरकावे, कारण उन्हे चढली की जमिनीवरची हवा लहरते आणि दूरचे काहीच रेखीव येत नाही.

अर्धा तास पिल्लांनी आईच्या शेपटीशी खेळ मांडला होता. तिने आमच्याकडे पाहिलेही नाही. भिंतीवरचे फोटो त्याच अर्ध्या तासातले आहेत. मग एकेक गाडी येऊ लागली. एका प्राण्याभोवती पाचाहून अधिक गाड्या नसाव्यात आणि पंचवीस मीटरच्या आत जाऊ नये, असा तिथला नियम आहे. सहावी गाडी आली तेव्हा आई उठून उभी राहिली होती. समोर लहान हरणांचा कळप चरत होता. आता ती धावणार, हे मलाही कळले. चालकांनी मागे वळून विचारले, "आपण जास्त झालो. निघायचे का?" शेजारच्या बाई म्हणाल्या, "एवढे पैसे भरून आलो, आणि खरी गंमत आता!" त्यांचेही खोटे नव्हते. पण मी म्हटले, निघू या. त्या बाई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग "चला," म्हणाल्या. त्या दिवशी शिकार साधली की नाही, हे मला ठाऊक नाही. धावत्या चित्त्याचा फोटो माझ्याजवळ नाही.

तुम्ही म्हणाल, आफ्रिकेतल्या गोष्टींचे आपल्याला काय? कोल्हापूर संस्थानात शिकारीसाठी चित्ते पाळत असत, आणि देशात मिळेनासे झाले तेव्हा ते आफ्रिकेतून आणवले गेले. 1947 साली मध्य भारतातील कोरिया संस्थानच्या महाराजांनी एका रात्री तीन चित्ते मारले. बंदूकधारी महाराज आणि पुढ्यात ओळीने मांडलेले ते तीन चित्ते, असा फोटो मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाकडे पाठवण्यात आला. 1952 साली भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. आपल्या देशातल्या चित्त्यांचा सर्वांत प्रसिद्ध फोटो हा असा आहे!

17 सप्टेंबर 2022 रोजी नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनोच्या जंगलात आणले गेले. पुढच्या मार्चमध्ये तिथे चार पिल्ले जन्मली. त्यांतली तीन मे महिन्याच्या उन्हाळ्यात दगावली. आई होणे त्या रानातही सोपे नाही. उद्या आपल्या सहली तिकडे जातील, मुलेबाळे बरोबर असतील, प्रत्येकाच्या हातात मोबाइल असेल. तेव्हा माझे एवढेच मागणे आहे. गाडी जवळ नेणाऱ्या चालकाला आपण बक्षिशी देतो; ती लांब थांबवणाऱ्याला द्या. त्याला पोटासाठी प्रवाशांचे मन राखावे लागते. "जवळ नको, इथूनच पाहू" हे शब्द आपल्या तोंडून आले, तर नियम पाळणे त्याला सोपे जाईल.