महाद्वाराबाहेरची ओढ



संतसाहित्य संमेलनासाठी आलेल्या आपणां सर्वांचं मंगळवेढ्यात मी स्वागत समितीच्या वतीनं मनापासून स्वागत करतो. दामाजीपंत, कान्होपात्रा, चोखोबा ही संतमंडळी आमच्या गावाची माणसं. त्यामुळे 'भगवंताच्या भेटीची ओढ' हा विषय ठरला, तेव्हा तो आम्हांला घरचाच वाटला.

ओढ म्हटली की आधी ज्ञानोबांच्या विरहिण्या आठवतात. त्यांची कोवळीक थोरच. पण चोखोबांचा विरह हा रोजच्या जगण्यातला होता. इथून पंढरपूर दिवसभराच्या चालीवर. तिथवर जायचं, विठ्ठलमंदिराच्या महाद्वाराशी उभं राहायचं, पण अस्पृश्य ठरवलेल्यानं आत पाऊल टाकायचं नाही. देव तिथंच आहे, आड आली आहेत ती माणसं. हे सोसत पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा असं सारं घर अभंग रचत होतं. कर्ममेळ्यानं तर देवाला सरळ जाब विचारला. त्या रागात मला भक्तीच दिसते. ज्याच्यावाचून जीव राहत नाही, त्याच्याशीच माणूस असा भांडतो.

१३३८ साली याच गावचं कूस बांधताना भिंत कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरी नेल्या, असं परंपरा सांगते. समाधी झाली ती महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ. मरणानंतरही बाहेरच! मंदिराचं दार दलितांसाठी उघडलं ते मे १९४७ मध्ये, साने गुरुजींनी उपोषणात प्राण पणाला लावले तेव्हा. मधे सहाशे वर्षं गेली.

राहण्या-जेवण्याची व्यवस्था आमच्या तरुणांनी आपुलकीनं केली आहे. पानात इथल्या मालदांडी ज्वारीची भाकरी असेल. काही उणं राहिलं तर हक्कानं सांगा.

अभ्यासकांना मात्र एक विनंती आहे. विरहाच्या माधुर्यावर जरूर बोला, पण हा विरह कुणी लादला तेही बोला. सोयराबाई आणि निर्मळा यांचे अभंग चोखोबांवर बोलण्याच्या ओघात उल्लेखून सोडू नका. त्यांच्यावर स्वतंत्र निबंध वाचा, आणि ते ऐकायला आमच्या शाळा-कॉलेजांतल्या मुलींना पुढच्या रांगेत बसवा.