मिठातली वीज आणि संगणकाचे गणित



देवास गेटहून इथवर येताना बॅटरीवर धावणाऱ्या रिक्षा आपण पाहिल्याच असतील. त्यांच्यासाठी लागणारे लिथियम आपण बहुतांशी परदेशांतून आणतो. सोडियम मात्र घरच्या मिठातच आहे. मग अडते कुठे? अडते धनाग्राशी. सोडियमचा आयन लिथियमहून मोठा. तो थरांतून ये-जा करू लागला की स्फटिकाची घडी विस्कटते. धनाग्रासाठी मँगनीज स्वस्त, आणि ते आपल्या बालाघाटात, नागपूर-भंडाऱ्यात विपुल. परंतु त्याच्या त्रिभारित आयनाभोवतीची रचना वाकडी होते. म्हणून त्यात लोह, निकेल किती मिसळावे हा प्रश्न. मिश्रणे शेकडो. प्रत्येक भट्टीत भाजून पाहू म्हटले तर उमर सरेल.

येथे संगणक साह्यास येतो. वॉल्टर कोन यांनी १९६४-६५ साली सहकाऱ्यांसह मांडलेल्या सिद्धांतानुसार इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून पदार्थाची ऊर्जा काढता येते. धनाग्र सोडियमने भरलेले असताना आणि रिते झाल्यावर, या दोन ऊर्जांतील फरकावरून, सोडियम धातूची ऊर्जा जमेस धरून, व्होल्टेजचा अंदाज मिळतो. तोही पदार्थ तयार होण्यापूर्वी!

मात्र हे गणित बहुधा निर्दोष स्फटिकाचे असते. दमट हवेत यांतले कित्येक पदार्थ पाणी शोषून बिघडतात, ते त्यात येत नाही. जयसिंहाची वेधशाळा ज्यांच्या गावी आहे, त्यांना गणिताला वेधाची जोड लागते हे मी काय सांगावे? पुण्याच्या आयसर संस्थेतील संशोधनाच्या आधारे घडलेले सोडियम-आयन बॅटरीचे तंत्रज्ञान केपीआयटी कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले. तेही अखेर भट्टीतूनच गेले आहे. संगणकापुढे बसणारे विद्यार्थी आता पुष्कळ मिळतात. भट्टीपाशी बसणारे मात्र शोधावे लागतात.