शिफारसपत्र आणि विश्वास

हुबळी-धारवाडच्या कॉलेजांत प्रवेश घेताना शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक चांगली’ एवढे दोन शब्द असले की पुरे होते. लिहिणारा ते विचार न करता लिहितो आणि वाचणाराही तितक्याच निर्विकारपणे वाचतो. परंतु आपली मुले अमेरिकेतील विद्यापीठांकडे अर्ज करू लागली, तेव्हा शिक्षकाकडे निराळेच काम आले. मुलाविषयी पानभर लिहावयाचे, आणि तेही त्याला न दाखविता.

१९७४ साली अमेरिकेत झालेल्या कायद्याने विद्यार्थ्याला स्वतःची शैक्षणिक कागदपत्रे पाहण्याचा हक्क दिला. त्यात शिफारसपत्रेही आली. मात्र हा हक्क चालतो तो तेथे दाखल झाल्यावर; ज्याला नकार मिळाला, त्याला काहीच पाहता येत नाही. शिवाय अर्जातच विचारतात, ‘हा हक्क आपण सोडता काय?’ कायद्याने सक्ती नाही. पण न सोडल्यास पत्राचे वजन घटेल या भीतीने मुले खूण करून मोकळी होतात. हक्क द्यावा आणि उंबरठ्यावरच परत मागावा, हे मला अजून पटलेले नाही.

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीसाठी मी असे पत्र लिहिले. वडिलांच्या मानसिक आजाराविषयी तिने मला विश्वासाने सांगितले होते. वाचणाराचे मन द्रवावे म्हणून मी ते पत्रात घातले, आणि पुढे बोलण्याच्या ओघात तिला सांगूनही टाकले. ती रागावली नाही. ‘सर, ते मी फक्त तुम्हाला सांगितले होते,’ एवढेच म्हणाली. पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूचे ओठ मिटलेले असतात, हे बालपणापासून जाणणाऱ्या माणसाने ही चूक करावी!

आपल्याकडे तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली मान्य केला. २०१७ साली खाजगी जीवन जपणे हा मूलभूत हक्क ठरला. तो दावा लावणारे पुट्टस्वामी हे आपल्या कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती होते. शिक्षकांच्या खोलीत मात्र याची चर्चा मी क्वचितच ऐकली.

मुलाच्या अभ्यासाविषयीचे मत माझे. ते मी त्याला दाखवीत नाही. घराविषयीचे प्रत्येक वाक्य मात्र आता आधी वाचून दाखवितो. गेल्या वर्षी एका मुलाने वडिलांच्या रिक्षाचा उल्लेख खोडावयास लावला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत तो आला आणि म्हणाला, ‘सर, राहू द्या ते.’