यंत्राचे बाहू आणि आपला वैद्यकीय निधी
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



मी कापडाचा व्यापारी. वैद्यकशास्त्रात माझा अधिकार शून्य. तथापि आपल्या वैद्यकीय साहाय्य निधीचे अर्ज तपासण्याचे काम माझ्याकडे आहे आणि त्यांत ‘रोबोटिक शस्त्रक्रिया’ हे शब्द आता वरचेवर येतात.

यंत्र स्वतःच्या बुद्धीने सुरी चालविते, असा अनेकांचा समज आहे. तसे नाही. शल्यविशारद रुग्णापासून थोडे दूर बसून, त्रिमित चित्र पाहत बोटे हलवितो. यंत्राचे बाहू हाताचा कंप गाळून त्याच हालचाली सूक्ष्मपणे करतात. ७ सप्टेंबर २००१ रोजी डॉ. झाक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथील ६८ वर्षांच्या महिलेचे पित्ताशय काढले. समुद्रापार पोहोचलेला तो हातही डॉक्टरांचाच होता!

विज्ञानाची ही झेप वंदनीयच. परंतु वाणिज्य शाखेच्या पदवीधराची दृष्टी खर्चाच्या रकान्याकडे वळते. यंत्र कोट्यवधी रुपयांचे. त्यावर देणगीदाराच्या नावाची पाटी लागते. मात्र ‘दा विंची’ यंत्राची अनेक उपकरणे ठरावीक वेळा वापरली की, धार कितीही शाबूत असो, यंत्रच ती नाकारते. (अशी कात्री आमच्या पेढीवर कोणी ठेवली नसती!) हा आवर्ती खर्च अखेर रुग्णाच्या बिलात उतरतो.

आणि लाभ? ऑस्ट्रेलियातील २०१६ च्या अभ्यासात प्रोस्टेटच्या रोबोटिक शस्त्रक्रियेत रक्तस्राव कमी झाला. पण बारा आठवड्यांनंतर लघवीवरील नियंत्रणात खुल्या शस्त्रक्रियेहून लक्षणीय फरक आढळला नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात तर २०१८ च्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दुर्बिणीच्या व रोबोटिक शस्त्रक्रियांपेक्षा खुल्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण अधिक जगले.

आपल्या एका साधर्मिक बंधूंनी पत्नीचे दागिने मोडून रोबोटचा जादा खर्च भरला. शस्त्रक्रिया पित्ताशयाची होती. ती साध्या दुर्बिणीनेही झाली असती, हे त्यांना नंतर कळले. “नाही म्हटले असते तर पैशाकडे पाहिले असे झाले असते,” असे ते मला म्हणाले. त्या वाक्याने मला रात्रभर झोप आली नाही.

यास्तव माझी विनंती अशी : निधीच्या अर्जात शल्यविशारदांसाठी तीन ओळी वाढवाव्यात. या रुग्णाला रोबोट का हवा, त्याने खर्च किती वाढेल आणि अशा किती शस्त्रक्रिया त्यांनी स्वतः केल्या आहेत. उत्तर समाधानकारक असेल तर निधीने फरकाची रक्कमही द्यावी. मी स्वतः त्यात माझा वाटा घालीन. विश्वस्त मंडळाने पुढील बैठकीत हा विषय घ्यावा.

जय जिनेंद्र!