कमी चालणारी मोटार आणि तिचा विमा
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा माझा विषय रूक्ष आहे, हे प्रारंभीच सांगून टाकतो. तथापि जो विषय रूक्ष म्हणून आपण टाळतो, तोच पुष्कळदा एखाद्या कुटुंबाची आयुष्यभराची पुंजी राखतो किंवा घालवितो.

मोटार हे एके काळी केवळ श्रीमंतीचे लक्षण होते. वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथील उद्योगांनी आपल्या शहराचे रूप पालटले आणि मोटार मध्यम स्थितीच्या घरांतही आली. २०१० साली येथील व्यावसायिकांनी एकत्र येऊन सुमारे दीडशे मर्सिडीज गाड्या एकदम विकत घेतल्या, तेव्हा साऱ्या देशात आपल्या शहराचा बोलबाला झाला. परंतु मला आज बोलावयाचे आहे ते सिडकोत वा गारखेड्यात फाटकाआड उभ्या असलेल्या लहान मोटारीविषयी. मालक सेवानिवृत्त आहेत, मुले पुण्यास वा परदेशी आहेत. गाडी निघते ती मंडईपर्यंत, दवाखान्यापर्यंत, फार तर पैठणपर्यंत. वर्षअखेर विम्याचा हप्ता येतो आणि गृहस्थ विचारतात, “गाडी चालतच नाही, तर विमा कशास?”

या प्रश्नाचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते; कारण आपण ज्यास एक विमा समजतो, ते वस्तुतः दोन विमे आहेत.

पहिला विमा तृतीय पक्षाचा. आपल्या गाडीमुळे दुसऱ्यास इजा झाली, तर त्याची भरपाई यातून होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ अन्वये तो सक्तीचा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विम्याविना गाडी चालविल्यास पहिल्या अपराधास दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. पण खरे भय दंडाचे नव्हे. एखाद्या कमावत्या माणसाचा मृत्यू ओढवला, तर न्यायाधिकरण त्याचे वय, उत्पन्न आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे पाहून भरपाई ठरविते. ही रक्कम कित्येक लाखांत जाते, आणि विमा नसेल तर ती मालकाच्या घरादारातून वसूल होऊ शकते. अपघातास एक क्षण पुरतो. गाडी त्या वर्षी किती किलोमीटर चालली, हे तो विचारीत नाही. या विम्याचे दर सरकार ठरविते. १ जून २०२२ पासून जे दर लागू झाले, त्यांत १००० घनसेंटिमीटरपर्यंतच्या खाजगी मोटारीस २,०९४ रुपये, त्यापुढे १५०० पर्यंत ३,४१६ रुपये आणि त्याहून मोठ्या इंजिनास ७,८९७ रुपये असा वार्षिक हप्ता होता. गाडी कमी चालते म्हणून यात एका पैशाचीही सूट नाही.

दुसरा विमा आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. हा ऐच्छिक आहे, आणि काटकसरीस वाव आहे तो येथेच. जो कमी चालवितो त्याने कमी हप्ता द्यावा, हा विचार अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ विल्यम विकरी यांनी १९६८ सालीच मांडला होता; पुढे १९९६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशात विमा नियामक प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये, वापरानुसार हप्ता घेणारी जोड-पॉलिसी विकण्याची मुभा कंपन्यांना दिली. त्यात वर्षाला अमुक किलोमीटर असा टप्पा आपण निवडावयाचा आणि त्या प्रमाणात सूट घ्यावयाची. गाडीचे मीटर छायाचित्राने वा यंत्राने तपासले जाते.

येथे हिशेब नीट मांडला पाहिजे. समजा, रोज आठ किलोमीटर याप्रमाणे वर्षातून २५० दिवस गाडी शहरात फिरली. झाले २,००० किलोमीटर. पुण्यास जाऊन-येऊन सुमारे ४७० किलोमीटर होतात. मुलाकडे सहा खेपा झाल्या की २,८२०. पैठणची एक खेप १०० आणि वेरूळची ६०. एकूण ४,९८०! ज्याने ५,००० चा टप्पा घेतला, त्याच्या हाती उरले केवळ वीस किलोमीटर. मग दवाखान्याच्या एकदोन फेऱ्यांतच मर्यादा ओलांडली जाते, आणि त्यानंतरच्या नुकसानीची भरपाई अटींप्रमाणे कमी होऊ शकते किंवा नाकारलीही जाऊ शकते. म्हणून गेल्या दोन वर्षांचे मीटरचे आकडे पाहून त्याच्या वरचा टप्पा घ्यावा, आणि मध्येच किलोमीटर वाढवून मिळतात काय, हे लेखी विचारावे.

सूट कशावर मिळते, हेही पाहावे. समजा, स्वतःच्या नुकसानीचा मूळ हप्ता ६,००० रुपये आहे आणि पाच वर्षे दावा न केल्यामुळे आपणांस ५० टक्के बोनस मिळतो. उरले ३,०००. त्यावर वापराची २० टक्के सूट म्हणजे ६०० रुपये. ती अवश्य घ्यावी. पण तिच्या मोहाने चांगली सेवा देणारी कंपनी सोडू नये.

किंबहुना कमी चालविणाऱ्याचे खरे धन हा बोनसच होय. तो २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के अशा पायऱ्यांनी वाढतो आणि एका दाव्याने सामान्यतः शून्यावर येतो. वरील उदाहरणात मूळ हप्ता तोच राहिला असे धरले, तर एका दाव्यानंतर पुढील पाच वर्षांत अनुक्रमे ३,०००, १,८००, १,५००, ९०० आणि ३०० असे एकूण ७,५०० रुपये अधिक भरावे लागतात. म्हणजे फाटकास घासून तीन हजारांचे नुकसान झाले, तर ते स्वतः सोसणेच शहाणपणाचे. मुदत संपल्यावर नव्वद दिवसांत नूतनीकरण केले नाही, तरी हा बोनस बुडतो. तो गाडीचा नसून मालकाचा असतो. जुनी गाडी विकल्यावर तो नव्या गाडीस लावून घेता येतो.

कोणी म्हणेल, मग नुकसानीचा विमा सोडूनच द्यावा काय? उभ्या गाडीसही चोरी, आग, पूर आणि कोसळणारे झाड यांचे भय असते. गाडी फार जुनी असेल आणि ती गेली तरी घर डगमगणार नसेल, तर केवळ सक्तीचा विमा ठेवणे गैर नाही. एरवी सोडू नये. मात्र उभी राहून बॅटरी उतरली वा यंत्र बिघडले, तर तो खर्च सर्वसाधारण पॉलिसीत बसत नाही.

शेवटची गोष्ट आपल्या घरगुती चालीरीतींची. लग्नसराईत पुतण्या किल्ली मागतो आणि आपण भिडेपोटी देतो. त्याच्यापाशी वैध परवाना नसेल, तर कंपनी जखमी माणसास भरपाई देऊन ती रक्कम आपल्याकडून वसूल करू शकते. म्हणून किल्ली देण्यापूर्वी परवाना पाहावा. यात आपलेपणास बाध येत नाही. तसेच खाजगी मोटार भाड्याने देणे हे पॉलिसीच्या अटींचे उल्लंघन होय.

बंधुभगिनींनो, आपल्या वडीलधाऱ्यांनी पै-पै जोडून घरे उभारली. ती घरे एका चुकलेल्या तारखेमुळे संकटात पडू नयेत, एवढीच माझी कळकळ आहे. आज घरी गेल्यावर प्रत्येकाने पॉलिसी उघडून मुदतीची तारीख, बोनसचा टक्का आणि मीटरचा आकडा एका कागदावर लिहून ठेवावा. ज्या ज्येष्ठांची मुले दूर आहेत, त्यांना शेजारच्या तरुणांनी या कामी हात द्यावा. ज्ञातिमंडळाच्या सेवेचा तोही एक प्रकार आहे.