पाकिटातली सही

अमेरिकेत बेसबॉलचे चाहते निवृत्त खेळाडूला पोस्टाने कार्ड पाठवतात, सोबत तिकीट लावून स्वतःचा पत्ता लिहिलेलं पाकीट. सही होऊन कार्ड परत येतं. मी नाशिकमधून जुन्या क्रिकेटपटूंना तसंच लिहितो. ऑफिसात विचारतात, सेल्फी सोडून सही कशाला?

अरे, बापू नाडकर्णी आपल्या नाशिकला जन्मले! १९६४, मद्रास, इंग्लंडविरुद्ध ३२ षटकं, त्यात २७ निर्धाव, धावा फक्त ५. सलग २१ षटकं निर्धाव! विकेट शून्य, म्हणून रील कोणी बनवत नाही. जानेवारी २०२० मध्ये बापू गेले. मी सह्या जमवायला लागलो त्यानंतर. आता त्यांची सही मिळालीच तर विकत, आणि खरी की खोटी हे कोण सांगणार?

त्या सामन्यात चंदू बोर्डेही होते. पुण्याचे, जन्म १९३४ चा. त्यांचं पाकीट उद्याच टाकतोय.